न्यायमूर्ती तेलंगांचे भिन्न मत

१८७२ साली मुंबईचे हायकोर्ट अजून आजच्या इमारतीत आले नव्हते. ओव्हलसमोरची दगडी गॉथिक वास्तू पुरी व्हायला १८७८ साल उजाडले. तोवर कोर्ट अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत भरत असे, आणि तिथे वकिलांच्या दोन वेगळ्या दुनिया होत्या. इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी अपिले ज्या अपेलेट साइडवर चालत, तिथे देशी वकिलांना वाव होता. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखी माणसे तिथेच नावारूपाला आली. मुंबई बेटातल्या पेढ्यांचे, ट्रस्टांचे आणि शेठ-सावकारांच्या वाटण्यांचे मोठ्या रकमांचे दावे मात्र ओरिजिनल साइडवर चालत, आणि तिथे सॉलिसिटरने नेमलेला बॅरिस्टर उभा राही. बॅरिस्टर व्हायचे तर विलायतेला जावे लागे, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरात समुद्र ओलांडणे म्हणजे जातीशी गाठ होती. एक वाट तेवढी उरत होती: हायकोर्टाची अ‍ॅडव्होकेटची परीक्षा. ती कमालीची अवघड. बाळ मंगेश वागळे त्या वाटेने आधी गेले होते. १८७२ साली त्यांच्या मागोमाग एक बाविशीतला, प्रकृतीने नाजूक तरुण त्या परीक्षेत उतरला आणि ओरिजिनल साइडवर त्याची सनद लागली. हा तरुण म्हणजे काशीनाथ त्र्यंबक तेलंग.

इंग्लंडचा किनारा त्यांनी कधीच पाहिला नाही. तरीही त्यांच्या इंग्रजीची वाखाणणी इंग्रज न्यायाधीश आणि बॅरिस्टर करत. अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी वकिली केली, कायदेमंडळात बसले, काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात ठराव मांडला, हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले, आणि मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेसाठी गीतेचा इंग्रजी अनुवाद केला. एवढे करणाऱ्या माणसाचे नाव आज महाराष्ट्रात रानडे, आगरकर, गोखल्यांच्या तुलनेत फारच कमी घेतले जाते. तेलंगांनी आपली बुद्धी आयुष्यभर एकाच कामाला लावली, असे मला वाटते. जुन्या ग्रंथांत, जुन्या कायद्यांत आणि जुन्या घरात राहूनच नवी जागा करायची, काही मोडायचे नाही. त्यांचे सर्वांत धीट काम या वृत्तीतून झाले आणि त्यांच्यावरचा सर्वांत कडवट आक्षेपही तिच्यातूनच आला.

त्यांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईतल्या एका गौड सारस्वत घरात झाला. जन्मदाते वडील बापू तेलंग. चुलते त्र्यंबकराव यांनी त्यांना दत्तक घेतले, म्हणून नावापुढे त्र्यंबक लागले. पाचव्या वर्षी अमरचंद वाडीतल्या मराठी शाळेत आणि १८५९ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलात. तिथे त्यांना शिकवायला नारायण महादेव परमानंद होते. पुढे उभा महाराष्ट्र त्यांना मामा परमानंद म्हणून ओळखू लागला. शांत, कमी बोलणारा, खोलवर विचार करणारा हा शिक्षक तेलंगांचा आयुष्यभराचा स्नेही झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात तेलंगांनी संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती मिळवली, एम. ए. आणि एलएल. बी. झाले, कॉलेजचे फेलोही झाले. त्या पिढीला एका हातात इंग्रज विचारवंत मिल आणि दुसऱ्या हातात हिंदू कायद्याची मिताक्षरा धरावी लागत होती. अनेकांना दोन्हींपैकी एक खाली ठेवावे लागले. तेलंगांनी दोन्ही शेवटपर्यंत धरून ठेवली.

वकिली नुकतीच सुरू झाली असताना ते दोन जर्मन विद्वानांशी वादात उतरले. रामायणावर होमरच्या काव्याची छाया आहे, असे अल्ब्रेख्ट वेबरचे म्हणणे होते. १८७३ मध्ये तेलंगांनी त्याला निबंधाने उत्तर दिले. लोरिन्झरने गीतेतले विचार ख्रिस्ती धर्मग्रंथांतून उचलले आहेत असे मांडले. १८७५ मध्ये तेलंगांनी गीतेचा पद्य अनुवाद प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हा दावा एकेक पुरावा हातात घेऊन खोडून काढला. त्यात धर्माभिमानाचा आरडाओरडा नव्हता. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी ती प्रस्तावना चालते: हा शब्द तिथे कोणत्या अर्थाने आला, हे साम्य खरे की वरवरचे, कोणता ग्रंथ आधीचा, आणि तो आधीचा हे तुम्ही कशावरून म्हणता? १८८२ मध्ये 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट'च्या आठव्या खंडात त्यांचा गीतेचा गद्य अनुवाद सनत्सुजातीय आणि अनुगीतेसह आला. गीता इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अलीकडची नाही, असे त्यांनी तिथे मांडले. त्याआधी त्यांनी भर्तृहरीची नीती आणि वैराग्य शतके संपादित केली होती, आणि पुढे १८८४ मध्ये 'मुद्राराक्षस' संपादित केले. हे सगळे कोर्टाचे दिवसभराचे काम संपल्यावर.

संस्कृतचा हा व्यासंग त्यांच्या वकिलीच्याही उपयोगी पडत होता. त्या काळी हिंदू कायद्याचे दावे इंग्रज न्यायाधीशांपुढे चालत, आणि दोन्हीकडचे बॅरिस्टर मिताक्षरा आणि व्यवहारमयूख या धर्मशास्त्राच्या ग्रंथांसाठी अनुक्रमे कोलब्रुकचे आणि बोराडेलचे भाषांतर उघडत. एखाद्या ओळीचे भाषांतर चुकले की घराची वाटणी चुकत असे, विधवेचा हक्क बुडत असे, दत्तक रद्द होत असे. तेलंग उभे राहिले की मूळ श्लोक, त्यावरची टीका आणि त्या टीकेवरची टीका, सगळे कोर्टापुढे येई. त्यांनी व्यवहारमयूख कागदपत्रासारखा वाचून दाखवला की त्याला उत्तर देणे युरोपियन बॅरिस्टरांना सोपे जात नसे. थोड्याच वर्षांत व्यवसाय इतका वाढला की सरकारी नोकरीचे आमंत्रण त्यांनी नाकारले.

राजकारणात ते आले ते आकडे आणि कायद्याची पुस्तके घेऊनच. १८७७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा हिंदुस्थानातली कापडावरची आयात जकात काढून टाकण्याचा आग्रह जोरात होता. तेलंगांनी 'हिंदी दृष्टीने मुक्त व्यापार आणि संरक्षण' या विषयावर व्याख्यान दिले. ज्या मिलच्या नावाने इंग्रज मुक्त व्यापाराची शपथ घेत, त्याच मिलने बाल्यावस्थेतल्या उद्योगांना काही काळ संरक्षण द्यायला हरकत नसल्याचे लिहिले होते. तेलंगांनी तेच त्यांच्यापुढे ठेवले. मुंबईच्या गिरण्या तेव्हा नुकत्याच डोके वर काढत होत्या. पुढे दादाभाई, रानडे आणि रमेशचंद्र दत्त यांच्या लिखाणात जो आर्थिक विचार पक्का झाला, त्याची एक पायरी या व्याख्यानात आहे. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिचा उल्लेख अधिक ठळक व्हायला हवा.

१८८३ साली इल्बर्ट बिलावरून देश ढवळून निघाला. जिल्ह्यातला हिंदी मॅजिस्ट्रेट गोऱ्या आरोपीचा खटला चालवू शकेल, एवढीच त्या विधेयकाची मागणी होती. कलकत्त्यातल्या युरोपियनांनी त्यावरून रान उठवले. २८ एप्रिल १८८३ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा भरली. तीत फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग बोलले. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू, तिघेही हायकोर्टात वकिली करणारे. मेहतांच्या बोलण्यात जोर होता आणि तय्यबजींच्या बोलण्यात भारदस्तपणा. तेलंगांनी फौजदारी कायद्याचा मागचा इतिहास उलगडून दाखवला, आणि विरोधकांच्या मुद्द्यांना पाय कुठे नाहीत ते एकेक करून सांगितले. मुंबईचे राजकारण पुढची काही वर्षे या तिघांच्या खांद्यावर उभे होते. ३१ जानेवारी १८८५ रोजी तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि मेहता, तेलंग व दिनशा वाच्छा तिचे चिटणीस झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते. पुण्यात पटकीची साथ आली, म्हणून ते मुंबईला हलवावे लागले. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले. कायदेमंडळांचा विस्तार करावा, त्यांत निवडून आलेले सभासद मोठ्या प्रमाणात असावेत, अंदाजपत्रक त्यांच्यापुढे यावे आणि त्यांना प्रश्न विचारता यावेत, हा तिसरा ठराव तेलंगांनी मांडला. त्या दिवशी एवढ्या नेमकेपणाने मांडलेली मागणी पुढची काही वर्षे काँग्रेसच्या प्रत्येक अधिवेशनात पुन्हा येत राहिली, आणि १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टमध्ये तिचा थोडासा अंश उतरला. तेलंग स्वतः १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद होते. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा घडताना ते आणि मेहता कलमाकलमाला झगडले. सुधारणा होत होत तो कायदा मुंबईत आजही चालतो. त्याआधी १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगावर त्यांनी काम केले. तिथेही जे पटले नाही त्यावर स्वतंत्र टिपण लिहिले, आणि त्या कामाबद्दल त्यांना सी. आय. ई. ही पदवी मिळाली.

सामाजिक प्रश्नांकडे वळले की तेलंगांचा स्वभाव अधिक उघडा पडतो. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली, आणि सरकारने कायदा करावा की न करावा यावर देशभर रण माजले. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शिकलेल्या या मुलीने मोठी झाल्यावर पती दादाजी भिकाजींकडे नांदायला जायला नकार दिला. दादाजींनी नांदण्याचा हुकूम मागितला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. दांपत्यहक्क परत मिळवण्याचा दावा मुळात विलायती धर्मकोर्टांतला, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, शिवाय हे दोघे कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, हा मुद्दा सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी मानला आणि दावा फेटाळला. पुढे अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, अशी वेळ रखमाबाईंवर आली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना पैसे देऊन प्रकरण मिटले, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. या खटल्यात तेलंगांचा विश्वास दिसतो: हिंदू स्त्रीला जाचणारी एक बेडी इंग्रजांच्या कायद्यातून आली आहे, हिंदू ग्रंथांत ती नाही, हे सिद्ध करता येईल. ग्रंथाला शत्रू न मानता साक्षीदार मानण्याची ही रीत होती.

१८८६ मध्ये त्यांनी एक व्याख्यान दिले, 'सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे काय?' या विषयावर. त्यांचे उत्तर नकारार्थी होते. शक्ती जिथे अडथळा कमी तिथे आधी वाहते, आणि राजकारणात अडथळा कमी आहे, असे त्यांनी सांगितले. राज्यकर्त्यांशी भांडताना दोन्ही बाजूंना युक्तिवाद कळतो. स्वतःच्या घरात भांडताना समोर आपल्याच वडीलधाऱ्यांच्या भावना असतात, आणि भावनेला युक्तिवाद पुरत नाही. हे व्याख्यान वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सुधारणा नकोत, असे तेलंग कुठेच म्हणत नाहीत. घरातले युद्ध किती कठीण आहे हे ते सांगत आहेत, आणि ते अनुभवातून सांगत आहेत. सामाजिक तडजोडीवर त्यांनी मराठीतही निबंध लिहिला. लेसिंगच्या 'नेथन द वाइज' या नाटकाचे मराठी रूपांतर केले, त्यातही तीन धर्मांच्या माणसांनी एकाच शहरात कसे राहावे हाच प्रश्न आहे.

१८८९ मध्ये न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांचे निधन झाले. हायकोर्टावरचे ते पहिले कायमचे हिंदी न्यायमूर्ती. त्यांची जागा तेलंगांना मिळाली. तेलंगांनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. खुर्चीवर बसताच काँग्रेस, कायदेमंडळ, टाऊन हॉलच्या सभा, सगळे मागे पडले. त्यांच्या राजकीय मित्रांना हा तोटाच वाटला. हिंदू कायद्याला मात्र मूळ ग्रंथ वाचणारा न्यायाधीश मिळाला. स्त्रीधनाच्या वारसाहक्कावरचे त्यांचे १८९२ चे निकाल, विशेषतः मणिलाल रेवादत्त विरुद्ध बाई रेवा या खटल्यातला, पुढच्या पिढ्यांतले वकील आधार म्हणून वाचत आले. मिताक्षरा आणि मयूख यांच्यात मतभेद असेल तिथे कोणाचे ऐकायचे आणि कुठवर, याचा इतका स्वच्छ विचार त्याआधी क्वचितच झाला होता.

त्यांचा सर्वांत मोठा निकाल मात्र हरलेला आहे. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात फुल बेंचपुढे एक प्रश्न आला. एकत्र कुटुंब आहे. बाप हयात आहे आणि तो आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र राहतो. मुलाला वाटणी हवी आहे, बापाची संमती नाही. तरी मुलगा वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी मागू शकतो का? मुंबईच्या न्यायमूर्तींनी बहुमताने सांगितले, बापाच्या संमतीशिवाय नाही. तेलंग एकटे विरुद्ध गेले. आजोबांच्या मालमत्तेवर बाप आणि मुलगा यांचे स्वामित्व सारखे, हे याज्ञवल्क्याने सांगितले आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरेत विस्ताराने मांडले. मुलाचा हक्क जन्माबरोबर येतो. हक्क जन्माने आला असेल तर तो वापरायला बापाची परवानगी का लागावी? इलाख्यातल्या हजारो घरांत मोठा मुलगा, धाकटा चुलता, तापट आजोबा आणि न बोलणारी सून यांचे रोजचे आयुष्य या प्रश्नावर टांगलेले होते. तेलंगांनी त्याचे उत्तर विलायती तत्त्वज्ञानातून न आणता अकराव्या-बाराव्या शतकातल्या ग्रंथातून काढले, आणि ते मुलाच्या बाजूने होते. मद्रास आणि अलाहाबादची हायकोर्टे मुलाच्या हक्काच्या बाजूची राहिली. मुंबई इलाख्यात मात्र बहुमताचाच नियम पुढे दीर्घकाळ चालला. ते भिन्न मत इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या सोळाव्या खंडात आहे. वकील नसलेल्यानेही ते वाचावे, इतके त्यात आपल्या घरांविषयी आहे.

१८९१ मध्ये संमतिवयाचे बिल आले. सहवासासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा करायचे, एवढाच बदल होता. पुण्यात टिळक विरोधात उभे राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातले पुरावे काढून बिलाला पाठिंबा दिला. तेलंगही बिलाच्या बाजूचे होते. सरकारने हिंदूंच्या रीतिरिवाजात हात घालणे म्हणजे आक्रमण, असे म्हणणाऱ्यांना त्यांच्याकडे आणखी एक उत्तर होते, आणि ते इतिहासातून आले होते. मराठ्यांच्या बखरी ते बारकाईने वाचत होते. त्या वाचनावर त्यांनी जो इंग्रजी निबंध लिहिला त्यात छत्रपती आणि पेशव्यांच्या काळात राज्यसत्ता धर्माच्या आणि जातीच्या व्यवहारात कशी लक्ष घालत होती हे त्यांनी दाखवले. राजाने या गोष्टींपासून दूर राहावे, ही आपली जुनी परंपरा नाही, हे त्यातून उघड होत होते.

आणि तरीही, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी आपल्या स्वतःच्या मुलीचे लग्न लहान वयात होऊ दिले. बातमी बाहेर आली तेव्हा टीकेचे मोहोळ उठले. ज्यांनी त्यांना सुधारकांचा आधार मानले होते ते दुखावले. रानड्यांसारख्या मित्रांनी त्यांना समजून घ्यायचा प्रयत्न केला. १८८६ चे ते व्याख्यान आता पुन्हा वाचले की घरातल्या युद्धाविषयीची त्यांची वाक्ये वेगळ्याच वजनाने येतात. मला या प्रसंगाचे समर्थन करवत नाही. त्या मुलीला तिचे मत कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या वतीने भिन्न मत नोंदवायला घरात कोणी न्यायमूर्ती बसलेला नव्हता. मुलाचा हक्क बापाच्या संमतीवर अवलंबून नाही, असे लिहिणारा माणूस मुलीच्या बाबतीत मात्र घरच्या रूढीपुढे थांबला. त्या पिढीच्या सुधारणेची मर्यादा कुठे होती हे कळायला हा प्रसंग टाळून चालणार नाही. रानड्यांनाही पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करावे लागले होते. या माणसांनी लिहिलेल्या ओळी त्यांच्या घरांपेक्षा मोठ्या होत्या. पुढच्या पिढ्यांतल्या मुलींना त्या ओळींचा उपयोग झाला, त्यांच्या घरातल्या मुलींना फारसा झाला नाही.

१८९२ मध्ये तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष. दोन्ही जागांवर त्यांच्याआधी एकही हिंदी माणूस बसला नव्हता. पण प्रकृती आता साथ देत नव्हती. कोर्ट, विद्यापीठ, सोसायटी, संस्कृतचे संपादन, या सगळ्यांनी आधीच अशक्त असलेले शरीर पोखरले होते. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. ज्या शहरात मेहता, तय्यबजी आणि तेलंग एका व्यासपीठावर उभे राहिले होते, त्याच शहरात रस्त्यांवर लष्कर आणावे लागले. तेलंग तेव्हा अखेरच्या दुखण्यात होते. १ सप्टेंबर १८९३ रोजी ते गेले.

त्यांच्या रिकाम्या जागेवर त्याच वर्षी महादेव गोविंद रानड्यांची नेमणूक झाली. रानडे तेलंगांहून आठ वर्षांनी मोठे, आणि सरकारच्या डोळ्यांत त्यांचे राजकारण खुपत असल्याने इतकी वर्षे हायकोर्टाबाहेर राहिलेले. पुढे १९०० मध्ये रानड्यांनी 'राइज ऑफ द मराठा पॉवर' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी पुस्तकाच्या शेवटी तेलंगांचा बखरींवरचा निबंध जोडला. त्या पुस्तकाच्या प्रतींत तो आजही छापला जातो.